पंगतीतून उठवलेला नवरदेव

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की बायको आता डोळेही उघडत नाही. कूस बदलत विचारते, "मेला का?" घरी मुक्कामाला आलेले मामा एकदा हे ऐकून ताडकन उठून बसले होते. मेलेला असतो आमचा डिरेक्टरी सर्व्हर.

हा म्हणजे ऑफिसच्या फाटकावरचा वॉचमन, फक्त याला सगळ्यांची नावं पाठ. ईमेल, हजेरी, व्हीपीएन, सगळे त्यालाच विचारतात, "हा आपलाच ना?" तो गेला की सगळी माणसं एका क्षणात परकी होतात. मीसुद्धा. त्याला उठवायला लॉगिन करावं, तर ते त्यालाच विचारून! म्हणून मशीनवरच्या लोकल खात्याचा पासवर्ड मी पाकिटात ठेवतो, मुलांच्या फोटोच्या मागे.

मशीनची मेमरी 64 जीबी. त्यातली 40 मी नोंदींच्या कॅशला, म्हणजे माणसांच्या नोंदी हाताशी ठेवायच्या जागेला दिली आणि 24 उरली म्हणून निर्धास्त झोपलो. तर स्वारी 55 वर! 40 हा आकडा फक्त नोंदींचा. डेटाबेसची कॅश वेगळी, प्रत्येक जोडणीचा खर्च वेगळा. शिवाय वापरून सोडलेले मेमरीचे बारीक तुकडे. ते आमच्या आईच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे: आत काही नाही, पण कपाट भरलेलं, आणि टाकायचं नाव काढायचं नाही.

मग मर्यादा घालायला निघालो. लिमिट्स डॉट कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये आकडा लिहिला, सर्व्हर रीस्टार्ट केला. ढिम्म. आकडा बदलला. ढिम्म. तीन रात्रींनी कळलं, ही फाइल वाचली जाते लॉगिन करणाऱ्यांसाठी. सिस्टिमडीने, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या मुकादमाने, सुरू केलेली सर्व्हिस लॉगिन करतच नाही. ज्या दारावर मी पाट्या रंगवत होतो, त्या दारातून आमचे सर्व्हरसाहेब कधी येतच नव्हते.

मग सिस्टिमडीच्याच फाइलमध्ये 48 जीबीची मर्यादा घातली. ती मात्र लगेच लागू झाली. त्या रात्री मशीनमध्ये चांगली 14 जीबी मोकळी असताना सर्व्हर मेला. भरल्या घरात उपासमार, तीही माझ्या सहीने.

मुळात लिनक्सचा, म्हणजे मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, कारभार लग्नघरासारखा. मागेल त्याला मेमरीचं आमंत्रण, कारण सगळे एकदम जेवायला येत नाहीत. पण रात्री दोनला बॅकअप आपल्या सोळा भावंडांना, म्हणजे सोळा प्रोसेसना, घेऊन येतो आणि पानं कमी पडतात. अशा वेळी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर पंगतीवरून नजर फिरवतो. सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय? तो. उचला! आणि तो नेमका नवरदेव निघतो. किलरला दोष तरी कसा द्यावा? त्याच्याजवळ वजनकाटा आहे, लग्नपत्रिका नाही.

पत्रिका दाखवायची सोय आहे, हे शेवटी सापडलं. ओओएम स्कोअर ॲडजस्ट नावाची एक सेटिंग. तिथे उणे 1000 लिहिलं की त्या प्रोसेसला किलर हात लावत नाही. माझी 48 ची मर्यादा पुसली, उणे 1000 लिहिलं. खरं तर कॅशच निम्म्यावर आणायला हवी होती, पण 40 जीबी मीच मीटिंगमध्ये छातीठोकपणे मागून घेतली होती.

त्या रात्री फोन वाजला नाही. बायकोच दोन वाजता दचकून उठली आणि मला हलवून म्हणाली, "अहो, आज मेला नाही?"

सकाळी ऑफिसात साहेब खुशीत. "रात्रभर एकही अलर्ट नाही! याला म्हणतात ट्यूनिंग."

मी तोवर लॉग उघडला होता. दोन वाजून दहा मिनिटं. किलर आला होता. नवरदेवाला नमस्कार करून पुढे गेला. बॅकअपची सोळाही भावंडं अंगाने किरकोळ, म्हणून त्यांनाही सोडलं. उरल्यांत सगळ्यात जाडजूड होता जावामध्ये लिहिलेला मॉनिटरिंग एजंट, अलर्ट पाठवणारा.

"हीच सेटिंग बाकीच्या अकरा सर्व्हरवरही टाक," साहेब म्हणाले.