घराचं नाक रजेवर

ऑपरेशनांमध्येही मानाची उतरंड असते. बायपास झालेला माणूस सोसायटीत फिरायला निघाला की बाकावरची माणसं सरकून त्याला जागा देतात. अँजिओप्लास्टीवाले ‘नव्वद टक्के ब्लॉक होता’ हे आवाज खाली आणून सांगतात. गुडघेवाल्यांकडे टाक्यांची लांबी असते. पित्ताशयवाल्यांकडे तर बाटलीत घालून ठेवलेले खडेच असतात आणि ते पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवले जातात. नाकाच्या ऑपरेशनला यातलं काहीही नाही. सगळी कापाकापी नाकपुडीच्या आतून होते, बाहेर एक टाका दिसत नाही. भेटायला आलेली माणसं डाव्या बाजूने बघतात, उजव्या बाजूने बघतात आणि फसवणूक झाल्याच्या आवाजात म्हणतात, ‘‘अय्या, पण तसंच तर आहे की गं!’’

तसंच राहायचं होतं. माझ्या नाकाच्या आतला पडदा वाकडा होता. त्याला आपल्याकडे ‘हाड वाढलंय’ म्हणतात. वाढलेलं काही नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधली भिंत, पुढे कूर्चेची आणि मागे हाडाची, ती एका बाजूला कललेली असते. थोडीफार तर बहुतेकांचीच असते. माझी इतकी कलली होती की डावी नाकपुडी निव्वळ शोभेला होती. रात्री तोंड उघडं पडायचं आणि त्यानंतर काय व्हायचं याबद्दल नवऱ्याचे आणि माझे मतभेद आहेत. त्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय. तो आवाज माझा नाही, या म्हणण्यावर मी अजून ठाम आहे.

कॅशलेसची परवानगी मागितली तेव्हा विमा कंपनीतून फोन आला. ऑपरेशन सौंदर्यासाठी करताय का, हे त्यांना खात्रीने जाणून घ्यायचं होतं. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नको तितक्या ठामपणे म्हणाला, ‘‘छे छे, अजिबात नाही.’’

प्रत्यक्ष ऑपरेशनाबद्दल मला काही लिहिता येणार नाही. पूर्ण भूल दिलेली असल्यामुळे मी तिथे नव्हते. मी परत आले तेव्हा माझं नाक दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं होतं. आत घालतात तो पॅक कोरडा असताना सपाट पट्टीसारखा असतो. तो ओला झाला की फुगतो आणि आतून दाबून धरतो, म्हणजे रक्तस्राव होत नाही. हेतू उत्तम आहे, पण नाक बंद पडल्यावर तोंडाने श्वास घ्यायचा असतो हे झोपेतून उठणाऱ्या मेंदूला पटायला वेळ लागतो. जाग आल्यावर दर वेळी आधी घाबरायचं, मग तोंड उघडायचं. जिभेचं पार लाकूड होतं. पाणी प्यावं तर घोट गिळताना दोन्ही कान आत ओढले जातात, कारण घशाच्या वरच्या भागात जो दाब तयार होतो त्याला नाकावाटे निघून जायला वाट नसते. नाकाखाली गॉजची आडवी घडी चिकटवलेली असते. नर्स तिला मिशी म्हणायच्या. ‘‘ताई, मिशी बदलायची ना?’’ हे वाक्य मला आयुष्यात कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

दुखतं का? फार नाही. नाक चोंदून डोकं जड होतं तसं, चांगलं तिप्पट. पुढचे वरचे दात मात्र बधिर झाले होते, आणि हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. तिथून जाणारी एक बारीक नस दुखावली की काहींना असं होतं आणि हळूहळू निवळतं. तोवर मी येता-जाता जिभेने दात मोजत होते.

भेटायला आलेल्यांची निराशा एका गोष्टीने थोडी भरून निघाली. माझ्या डोळ्यांतून सतत पाणी वाहत होतं. डोळ्यांतलं पाणी एका नळीवाटे नाकात उतरतं, आणि ती उतरायची जागाच सुजलेली. पण हे शरीरशास्त्र समोरच्या काकूंना कोण सांगणार? त्यांनी माझे गाल भिजलेले पाहिले, माझा हात हातात घेतला आणि स्वतःच रडायला लागल्या. मी ‘नाही हो, मला काही होत नाहीये’ असं म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, ‘‘दाही हो, बला काही होत दाहीये.’’ मग त्यांनी हुंदका दिला.

हे बोलण्याचं प्रकरण तर स्वतंत्रच आहे. नाक बंद असलं की म चा ब होतो आणि न चा द. माझ्या मामांचा फोन आला, मी म्हटलं, ‘‘बाबा!’’ ते गोंधळले. फोन नानांकडे दिला. नाना माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मी त्यांना दादा म्हटलं. पाच मिनिटांच्या फोनमध्ये माझ्या माहेरची सगळी नाती विस्कटली. फोन ठेवल्यावर नानांनी नवऱ्याला वेगळा फोन करून हळूच विचारलं, भूल नीट उतरली आहे ना.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, इतिहासाचा नाद आहे. आपल्याला काहीही झालं तरी त्याहून वाईट झालेला माणूस त्यांच्या संग्रही असतो. ‘‘तुला काय झालंय? कावसजीला काय वाटलं असेल!’’ असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हा कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठी गडी. 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक आणि एक हात गमावून परत आला. वर्षभर तसाच राहिला. मग आपल्या पुण्याजवळच विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचं नाक करायचं, ते कपाळावर चपटं करून त्याची कड आखायची, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधला सांधा न तोडता ती फिरवून खाली नाकाच्या जागी बसवायची. ईथर-क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास वर्षं होती. ही सगळी हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिच्यावरून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं.

मी एरवी अप्पांचा इतिहास अर्ध्या कानाने ऐकते, पण त्या दिवशी कान देऊन ऐकला, कारण त्यात ऑपरेशननंतरचं वर्णन होतं. जोडावर काय लावलं? काथ! पानाला लावतात तोच, पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांना फासून. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. म्हणजे बोळे तेव्हाही सुटले नव्हते. फक्त कावसजीची विमा कंपनी नव्हती.

तूप हा शब्द ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ‘‘मी काय म्हणत होते? दोन थेंब साजूक तूप सोड, आठवड्यात नाक मोकळं.’’ डॉक्टरांनी तुपाला स्पष्ट नाही सांगितलं होतं. त्यावर सासूबाईंनी डॉक्टर कुठल्या कॉलेजचे, याची चौकशी केली.

पॅक काढण्याबद्दल लोक जे सांगतात ते खरं आहे, फक्त ते फार वेळ चालत नाही. नाकातून काहीतरी ओढतायत असं वाटतच नाही. मानेच्या मागून, कदाचित पाठीतून, ओढतायत असं वाटतं. आपण ‘संपलं’ म्हणतो आणि ते संपत नाही. मग अचानक संपतं आणि गार हवा दोन्ही नाकपुड्यांतून सरळ आत शिरते. दोन्ही! मी डॉक्टरांच्या टेबलापाशी बसून नुसता श्वास घेत राहिले. बाहेर रांग होती म्हणून उठले.

हा आनंद दुसऱ्या दिवशी ओसरला. हेही कुणी सांगत नाही. आतली सूज वर येते, खपल्या धरतात, पडद्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंना शिवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या आत असतातच, आणि नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं. पैसे देऊन चोंदवून घेतलं, असं वाटणारे ते दिवस. पट्ट्या निघाल्या, सूज उतरू लागली, मग कुठे हळूहळू वाट मोकळी होते. पूर्ण स्थिरावायला काही महिने जातात.

तोवर नियम. दोनेक आठवडे नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही (हा नियम मी अजून पाळते, डॉक्टरांना सांगू नका). डोकं उंचावर ठेवून झोपायचं. गरम-गरम काही खायचं-प्यायचं नाही. आणि शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं. सोपं वाटतं. पण लहानपणापासून रुमालात तोंड खुपसून एवढीशी शिंक शिंकायला शिकलेल्या बाईने आ वासून शिंकणं म्हणजे काय! पहिल्या शिंकेला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि कपाट पडलं का विचारू लागल्या. त्या दिवसापासून घरात मिरचीच्या फोडणीवर बंदी आली. मुलगा म्हणाला, आई बरी होईपर्यंत तो मित्राकडे जेवेल.

नाक धुण्यासाठी बाटली मिळते. पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नाही. त्यात पुडी मिसळायची, बेसिनवर वाकून बाटली दाबायची, म्हणजे पाणी एका बाजूने जातं आणि दुसऱ्या बाजूने खपल्या घेऊन बाहेर येतं. काय काय बाहेर येतं ते इथे लिहीत नाही, पण प्रत्येक वेळी नवऱ्याला बोलावून दाखवावंसं वाटतं. शेवटी पित्ताशयवाल्यांचं बरोबरच आहे. अप्पा दारात उभे राहून बघत होते. ‘‘ही तर जलनेती. एवढ्या पैशांची बाटली कशाला? मी पन्नास वर्षं करतोय, नाक बघ कसं लख्ख आहे.’’ असं म्हणून त्यांनी आपलं पितळी नेतीपात्र आणून माझ्या बाटलीशेजारी ठेवलं.

मध्येच एकदा डावी बाजू बंद आणि उजवी मोकळी झाली. काही तासांनी उलट. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हे सगळ्यांचंच होतं, नाकपुड्या पाळीपाळीने सुजतात आणि उतरतात. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1895 मध्येच लिहून ठेवलंय. अप्पांनी ‘या तर योगातल्या इडा-पिंगला, डाव्या-उजव्या नाकपुडीच्या नाड्या’ म्हणून कायझरला निकालात काढलं. आयुष्यभर एकच नाकपुडी वापरलेल्या माझ्यासारखीला पाळी बदलते हे कळणार कसं?

पण घरातली खरी आणीबाणी वेगळीच होती. आमच्याकडे वास घेण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलं, आठवत नाही. दूध उतरलंय का, कालची उसळ चालेल का, गॅस नीट बंद झालाय का, पावसातले कपडे कुबट झालेत का, मुलाचे बूट बाल्कनीत काढायची वेळ झालीय का, सगळं ‘अगं, बघ गं जरा’ म्हणत माझ्या नाकापुढे धरलं जातं. घरी आल्याच्या सकाळी नवऱ्याने सवयीने दुधाचं पातेलं माझ्या मिशीपुढे धरलं. मग त्याच्या लक्षात आलं. सगळे पातेल्याभोवती उभे राहिले. मुलगा म्हणाला, सर्च करू. नवरा म्हणाला, थोडं चहात घालून बघू. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आपल्याला वास नीट येत नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं. शेवटी अप्पांनी पातेलं तोंडाला लावलं, ‘चांगलंय की’ म्हणाले, आणि दुपारपर्यंत आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो.

वास गेला की चवही जाते. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळवते. गोडा मसाला, कोथिंबीर, तूप हे सगळं घशामागून नाकाला कळत असतं. मला आमटी म्हणजे कोमट खारट पाणी, आणि चहा-कॉफी म्हणजे एकच गोड पाणी. या काळात नवऱ्याने उपमा केला. मला काहीच कळत नव्हतं, म्हणून मी ‘छाद झालाय’ म्हटलं. त्याला एवढं कौतुक लग्नानंतर प्रथमच मिळालं असावं. मग तो रोज उपमा करू लागला. बाकीची मंडळी काही बोलत नव्हती, नुसती लोणचं मागत होती.

याच दिवसांत मुलगा एकदा म्हणाला, घरात कसला तरी वास येतोय. ‘‘आईच्या नाकातल्या मलमाचा असेल,’’ नवऱ्याने निदान केलं. सासूबाईंचा संशय हॉस्पिटलमधून आलेल्या पिशवीवर होता. ती त्यांनी बाल्कनीत टांगली. वास गेला नाही, तेव्हा सगळे माझ्यापासून जरा लांब बसू लागले. आजारी माणसाला काय बोलायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

सूज उतरत गेली तशी मी वासाची वाट बघू लागले. पहिला वास कुठला यावा, याबद्दल माझ्या काही अपेक्षा होत्या. मोगरा. पहिल्या पावसाची माती. निदान फिल्टर कॉफी. एका सकाळी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. दोन्ही नाकपुड्यांतून, पूर्ण क्षमतेने, काहीतरी भयंकर आत आलं. मी ओट्याखाली गेले, कांदे-बटाट्यांची खालची ट्रॉली बाहेर ओढली. कांद्यांच्या मागे एक बटाटा होता. म्हणजे पूर्वी होता. आता त्याचं पाणी झालं होतं आणि ते पाणी कागदात, कागद ट्रॉलीत उतरला होता.

मी हाक मारली. सगळे नाक दाबून गोळा झाले.

‘‘म्हणजे तुझ्या मलमाचा नव्हता?’’ नवरा म्हणाला.

सासूबाई काही न बोलता बाल्कनीतून पिशवी आत घेऊन आल्या. मुलाने तोंडावर टी-शर्ट ओढला आणि खिडकी उघडायला धावला. तेवढ्यात नेतीपात्र हातात घेऊन अप्पा आले, गर्दी बाजूला सारून ट्रॉलीवर चांगले वाकले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले,

‘‘कसला वास?’’