पॅकेजात बसेल एवढंच आजारी पडा

राजेहो, आजारी पडायचं असेल तर आधी थोडा अभ्यास करत जा. पोटात दुखलं की उठायचं आणि नागपुरातली दवाखान्यांची धंतोली गाठायची, हा अडाणीपणा आता पुरे झाला. बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीची माणसं रात्रभर प्रवास करून सकाळी रामदासपेठेत उतरतात. तुम्ही तर इथलेच, आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न तुम्हाला माहीत नाही? तो "काय होतंय?" हा नव्हे. "कॅश, कॅशलेस की स्कीम?" हा. अर्धं निदान तिथंच होतं.

डॉक्टरांना आणि रुग्णालयांना पैसे कोणत्या रीतीनं द्यावेत म्हणजे उपचार सुधारतील, यावर जगभर विद्वानांनी कित्येक वर्षं डोकं खाजवलं आहे. रीत बदलली की नवीन भानगड उभी राहते. माझ्या मते रीतीचा यात काही दोष नाही. दोष पेशंटचा आहे, कारण तो रीत पाहून आजारी पडत नाही. आपण आपल्यापुरतं सुधारू.

समजा तुम्ही कॅशवाले आहात. म्हणजे जेवढं करतील तेवढ्याचे पैसे, ही आपली जुनी, घरची पद्धत. इथं पथ्य एकच: तुमच्यावर काहीतरी करता आलं पाहिजे. "काही नाही, चार दिवस आराम करा, आपोआप बरं होईल," असं सांगणाऱ्या डॉक्टरला तुम्ही दोन-तीनशे रुपये देता, तेही कपाळाला आठ्या घालून, आणि बाहेर आल्यावर म्हणता, "त्यानं तर काहीच नाही केलं ना बाप्पा!" साध्या डोकेदुखीसाठी मशीनमध्ये घालणाऱ्याला मात्र हजारो मोजता आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्याचं कौतुक सांगत बसता. तेव्हा काही न करण्याचा सल्ला देणारा डॉक्टर आपल्या गल्लीतून का नाहीसा झाला, हे विचारू नका. तुम्हीच घालवलात त्याला.

बाळंतपण काढायचं असेल तर गणित आणखी सोपं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण 14.3 टक्के निघालं, खासगीत 47.4 टक्के. काही कुत्सित लोक याचा संबंध बिलाशी जोडतात. मला वाटतं, बाळांनाच कळत असावं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या दारात ती सरळ असतात, खासगीची लिफ्ट दिसली की आडवी होतात.

खोली निवडतानाही डोकं वापरा. अनेक ठिकाणी जनरल वॉर्डातल्या पेशंटचं ऑपरेशन आणि डीलक्सवाल्याचं ऑपरेशन एकाच टेबलावर, एकाच सर्जनच्या हातून होतं, पण सर्जनची फी खोलीप्रमाणे बदलते. टीव्ही मोठा असेल तर टाकाही महाग. त्यात तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही ती ओलांडून वरच्या खोलीत गेलात, तर विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये ती डॉक्टरच्या फीसारखे आणखी काही खर्चही त्याच प्रमाणात छाटते. डिस्चार्जच्या दिवशी दुपारभर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या एजन्सीच्या, मंजुरीची वाट पाहत बसल्यावर हे ज्ञान आपोआप होतं. तेवढ्या वेळात माणूस पॉलिसीची बारीक अक्षरं वाचून संपवू शकतो.

आता पॅकेज. इथं मात्र नीट लक्ष द्या, कारण आमच्या काटोलच्या मामानं दिलं नाही.

मामा 68 वर्षांचा, संत्र्याचा बगीचा, तोंड फटकळ. त्याला हर्निया झाला. मुलाच्या कंपनीची पॉलिसी होती, नागपुरातल्या एका रुग्णालयात पॅकेज ठरलं. पॅकेज म्हणजे एका आजाराला एक रक्कम, मग आत काहीही होवो. कल्पना चांगली आहे. उगाच तपासण्या वाढवून बिल फुगवता येत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्यानं, 1983 साली हीच रीत आणली, तेव्हा पेशंट आठवडाभर झोपवून ठेवणारी रुग्णालयं त्याला भराभर घरी धाडू लागली. आमच्या महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्येही मुळात पॅकेजच असतं.

पण पॅकेजाला एका माणसात एकच आजार लागतो. मामानं हर्नियासोबत शुगरही आणली होती, चांगली 280. काउंटरवरच्या पोरीनं समजावलं, "काका, हर्निया पॅकेजात आहे, शुगर नाही." मामा म्हणाला, "मंग शुगर काटोललेच ठेवून येऊ काय?" विनोद म्हणून सगळे हसले. मला तो आजही धोरणात्मक प्रश्न वाटतो. पॅकेजातला आदर्श पेशंट चाळिशीचा, सडपातळ, साखर न खाणारा, आणि शक्यतो हर्नियाही किरकोळ असलेला असतो. गुंतागुंतीच्या माणसाला सगळीकडे प्रेमानं एकच उत्तर मिळतं: "यांना तुम्ही मेडिकललाच न्या, तिथं सगळ्या सोयी आहेत."

मामाला घेतलं त्यांनी, उपकारच. तिसऱ्या दिवशी टाक्यांतून पाणी झिरपत होतं, पण पॅकेजाचे दिवस संपले होते, म्हणून मामा बरा झाला. दहाव्या दिवशी ताप घेऊन परत आला. नवीन ॲडमिशन, नवीन फाइल, आणि अर्थात नवीन बिल. सक्करदऱ्याचा आमचा पंक्चरवाला त्याच जागी ट्यूब पुन्हा गळली तर दुसऱ्यांदा पैसे घेत नाही, वर मान खाली घालतो. पण तो शिकलेला नाही. त्याला कोणी सांगितलं नाही की बिघडलेल्या कामाचे पैसे दोनदा मिळतात आणि नीट झालेल्याचे एकदाच.

रुग्णालयवाल्यांची बाजूही सांगून टाकतो, नाहीतर माझे दोन डॉक्टर मित्र बोलणं सोडतील. सरकारी योजनांचे दर कमी आहेत आणि क्लेम महिनोन्महिने अडकतात, ही त्यांची ओरड खोटी नाही. नर्सचा पगार आणि ऑक्सिजनवाला काही मंजुरीसाठी थांबत नाहीत. गुणवत्तेचं व्याख्यान ऐकायला माणसाचं मागचं बिल तरी निघालेलं असावं.

पेशंट येवो न येवो, डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम देण्याचीही एक रीत आहे. तिच्यात उत्तम पेशंट तो, जो नाव नोंदवतो आणि कधीच येत नाही. सल्ला स्पष्ट आहे, पुढं जाऊ.

सगळ्यांत नवी रीत म्हणजे दर्जाप्रमाणे दाम. अमेरिकेनं 2012 च्या ऑक्टोबरपासून ठरवलं की ठरावीक आजारांचे पेशंट घरी गेल्यापासून 30 दिवसांत प्रमाणाबाहेर परत भरती झाले, तर त्या रुग्णालयाचे मेडिकेअरचे पैसे कापायचे, 3 टक्क्यांपर्यंत. नियम झाल्यावर काही ठिकाणी परत आलेला माणूस 'भरती' न होता 'निरीक्षणाखाली' राहू लागला. पलंग तोच, सलाइन तीच, शब्द वेगळा. उद्या ही रीत इकडं आली तर लक्षात ठेवा: ताप आला तरी दम धरा, एकतिसाव्या दिवशी या. दहाव्या दिवशी उगवणाऱ्या मामासारख्या उतावळ्या माणसांमुळेच आकडेवारी बिघडते. आणि बरं होण्याची खात्री नसेल तर येऊच नका. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यानं बायपास करणाऱ्या सर्जनांचे मृत्यूदर नावानिशी छापले, तेव्हा फार आजारी पेशंटना हात लावायला सर्जन कचरतात, अशी तक्रार सुरू झाली. फार आजारी असणं म्हणजे दुसऱ्याच्या मार्कशीटवर शाई सांडणं.

आपल्याकडं दर्जाला अगदीच किंमत नाही असं नाही. आयुष्मान भारतमध्ये एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची, पूर्ण मान्यता असलेल्या रुग्णालयाला मूळ दरावर 15 टक्के जास्त आणि पहिल्या पायरीच्या मान्यतेला 10 टक्के जास्त, अशी तरतूद आहे. मान्यतेसाठी व्यवस्था लागते, नोंदी लागतात, आणि ते चांगलंच आहे. मामाच्या रुग्णालयात हात कसे धुवावेत याचं चित्र प्रत्येक बेसिनवर, तीन भाषांत लावलं होतं. खालची साबणाची बाटली रिकामी होती, पण चित्राला काच होती. मामाला घरी सोडताना एका पोरानं टॅब पुढं केला, पाच तारे द्या म्हणाला. मामा म्हणाला, "आधी चालता तं येऊ दे." पोरानंच पाच दाबले.

"पेशंट बरा झाला तरच पैसे" हे भारतात अशक्य आहे, असं सांगणारे तज्ज्ञ तुम्हाला भेटतील. त्यांना आमच्या मामाच्या गावी पाठवा. तिथं आशाताई आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की ती घरी जाते: तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. उन्हात, पावसात, बगीच्याच्या चिखलातून. बाळाचं वजन, लसी, जन्मनोंद, सगळं बघते. सहा भेटींचे मिळून 250 रुपये, आणि केंद्राच्या नियमात त्या रकमेला अट आहे: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असले पाहिजेत.

मामा टाके काढायला परत गेला, तेव्हा मी गंमत म्हणून काउंटरवर विचारलं, तुमच्याकडं अशी बेचाळीस दिवसांची काही अट असते का. पोरगी गोड होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आतून कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, "काका, ते कोणत्या स्कीममध्ये येते?"