जमीन घेणाऱ्यानेच पंच नेमायचा?

कॉलेजियम (म्हणजे नवे न्यायाधीश सुचवणारा ज्येष्ठ न्यायाधीशांचाच गट) मोडा आणि न्यायाधीश नेमायचं काम लोकांनी निवडून दिलेल्या सरकारकडे द्या, असं हल्ली बरेच जण तावातावाने लिहितात. कॉलेजियमवरचा राग मलाही आहे. बंद दाराआड नावं ठरतात, कोणाचं नाव का गळलं ते कळत नाही. पण उपाय म्हणून सरकार? तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय, आणि मुळात मालमत्तेच्या भांडणातूनच झालाय.

जुलै 1969 मध्ये इंदिरा गांधींनी 14 बँका ताब्यात घेतल्या. रुस्तम कूपर हे भागधारक कोर्टात गेले, वकील नानी पालखीवालांनी बाजू लढवली आणि फेब्रुवारी 1970 मध्ये बँका घेण्याचा तो कायदा 10 विरुद्ध 1 मतांनी रद्द झाला. तो ‘1’ म्हणजे न्या. ए. एन. रे. सरकारने मग घटनाच बदलली: घेतलेल्या मालमत्तेचे पैसे पुरेसे आहेत का, हे कोर्टाने विचारायचंच नाही.

24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, 7 विरुद्ध 6: संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूळ चौकट नाही. गंमत म्हणजे मालमत्तेपुरतं बघितलं तर सरकार त्यात बरंचसं जिंकलं होतं. तरी दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघांनीही राजीनामे दिले. न्यायाधीशाचा दृष्टिकोन सरकारने बघायलाच हवा, असं समर्थन तेव्हाचे केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उघडपणे केलं. 1977 मध्ये, आणीबाणीत सरकारविरुद्ध मत देणाऱ्या न्या. एच. आर. खन्नांनाही असंच डावललं गेलं.

बँका घ्यायला नको होत्या, असं माझं म्हणणं नाही. कूळकायदा नसता तर कोकणात कितीतरी घरांचं नाव आज सातबाऱ्यावर नसतं. सरकारला कधी कधी घ्यावं लागतं. म्हणूनच घेणाऱ्याने पंच नेमू नये.

आता मुंबईचं बघा. 1986 मध्ये म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात दुरुस्ती झाली. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या) इमारतीतल्या 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत घेऊ शकतं, मालकाला मिळणार महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. पागडीची जुनी, नाममात्र भाडी ज्यांना माहीत आहेत त्यांनी हिशोब करावा! (भाडेकरूंची बाजूही खोटी नाही, त्या इमारती दर पावसाळ्यात जीव घेतात.) मालक 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. 5 नोव्हेंबर 2024 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. बत्तीस वर्षांनी! आणि म्हाडाचं ते कलम वैध की अवैध, हा प्रश्न तरीही बाकीच राहिला.

या उशिराबद्दल कोर्टाला जरूर झोडा. कॉलेजियमने प्रत्येक नावामागची कारणं लेखी जाहीर करावीत, हेही मागा. पण शिफारस झालेली नावं सरकार कारण न देता महिनोन्‌महिने दाबून ठेवतं, त्यावर आधी कायद्याने मुदत घाला. मग कॉलेजियमच्या जागी न्यायाधीश नेमणारा नवा आयोग कसा असावा यावर खुशाल भांडू.