जप्तीचा पंचनामा

फोन जप्त करणं ही हल्ली घरातली सर्वांत कडक शिक्षा समजली जाते. ती नेमकी कोणाला होते, हे मात्र जप्ती केल्याशिवाय कळत नाही.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. उलट उत्तरं, क्लासला दांडी आणि खोलीला आतून कडी, अशी तिन्ही लक्षणं एकदम दिसली की हे सोफ्यावरून गरजतात, "काढून घे त्याचा फोन!" घे म्हणजे मी घ्यायचा. हुकूम त्यांचा, अंमलबजावणी माझी. मागच्या खेपेला मी तो घेतला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. तासाभरात क्लासच्या ग्रुपवर उद्याच्या टेस्टचा पोर्शन यायचा होता. तो ग्रुप माझ्या फोनवर नाही. मग फोन उकरा, तांदूळ झटका, पोर्शन वहीत उतरवून द्या, पुन्हा पुरा. तेवढ्यात सासूबाई आल्या. टीव्हीवर कीर्तन लागेना, कारण यूट्यूब त्याच्या फोनवरून टीव्हीला जोडलेलं. पुन्हा उकरा. मग दारात सिलिंडर घेऊन गॅसवाला उभा. "मॅडम, ओटीपी." गॅसचा नंबर बदलायची खटपट चिरंजीवांनीच केली होती, त्यामुळे नंबरही त्यांचाच. एवढं होऊन रात्री मी निवांत भाताला तांदूळ घ्यायला गेले, तर डब्यातून अलार्म कोकलायला लागला. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं.

आरोपी या सगळ्या वेळात पंख्याकडे बघत आरामात पडलेला होता. मध्येच त्याने विचारलं, "आई, तू एवढी दमलेली का दिसतेयस?"

"आमच्या वेळी असलं नव्हतं," हे ह्यांचं ठरलेलं भाषण. त्यांच्या वेळी बाकावर उभं करायचे, अंगठे धरायला लावायचे आणि पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. कुठल्या सरांची पट्टी लाकडी आणि कुणाची स्टीलची, हे त्यांना अजून पाठ आहे. त्या काळात शिकलेलं बीजगणित मात्र आठवत नाही, हे मी गणिताच्या गृहपाठाच्या वेळी पाहिलेलं आहे. परवा ते भाषण ऐन रंगात असताना चिरंजीवांनी खोलीतूनच सुनावलं, "बाबा, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलांना मारायला बंदी आहे."

हे हार मानणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि विजयी सुरात जाहीर केलं की तो कायदा शाळेसाठी आहे आणि तोही सहा ते चौदा वयापर्यंत. "तू पंधराचा आहेस!"

"मग बाल न्याय कायदा २०१५. अठरापर्यंत. कलम ७५, तीन वर्षांपर्यंत कैद."

नागरिकशास्त्रात याला काठावरचे मार्क का पडतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शेवटी शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला बोलावलं. बाई गोड होत्या. म्हणाल्या, या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून मुलं लवकर झोपत नाहीत आणि सकाळी उठत नाहीत; तो सगळाच आळस नसतो. शिवाय परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. मी हिशेब केला. माझं लग्न चोविसाव्या वर्षी झालं. शेजारच्या खुर्चीकडे एक नजर टाकली आणि बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

मग त्यांनी बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल सांगितलं. या बाईंनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: हुकूमशहा, सगळं चालवून घेणारे, आणि शिस्त व माया दोन्ही सांभाळणारे. तुम्ही कुठल्या प्रकारात बसता, असं विचारल्यावर मी म्हटलं, आमच्याकडे तिन्ही आहेत, एकाच छपराखाली. हे ओरडतात, सासूबाई मागच्या दाराने बेसनाचा लाडू आणि वर पन्नासची नोट पोचवतात, आणि तिसरा प्रकार आहे तो स्वयंपाकघरात तांदूळ झटकत असतो.

बाईंनी सुचवलं, शिक्षा देऊ नका, परिणाम भोगू द्या. कपडे टोपलीत टाकले नाहीत तर धुऊ नका. ऐकायला उत्तम. मी मन घट्ट केलं. त्याच्या खोलीत कपड्यांचा ढीग वाढत गेला, त्यावर मांजर झोपायला लागलं, आणि चिरंजीवांना त्याचा काही म्हणजे काहीही त्रास झाला नाही. एक काळा टी-शर्ट त्यांना सर्व प्रसंगी पुरतो. मोजे संपले तेव्हा त्यांनी बाबांचे घातले. परिणाम भोगले ते ह्यांनी. ऑफिसात एक पाय निळा, एक करडा. आणि लिफ्टमध्ये जोशीकाकूंनी मला हळूच विचारलं, "मशीन बिघडलंय का गं?"

आता नवा उपाय चालू आहे: लेखी करार. नियम एकत्र बसून ठरवायचे म्हणजे मुलं ते पाळतात, असं बाईंचं म्हणणं. आम्ही बसलो. रात्री दहानंतर फोन बाहेरच्या टेबलावर, क्लास बुडवायचा असेल तर आधी सांगायचं, बोलताना आवाज चढवायचा नाही. चिरंजीवांनी सगळं शांतपणे ऐकलं, पेन मागितलं आणि प्रत्येक कलमाच्या सुरुवातीला 'घरातील सर्वांनी' एवढेच शब्द घातले.

खाली त्यांची सही झालेली आहे. माझी झाली. सासूबाईंनी, मालिका दहाच्या आत संपते याची खात्री करून घेऊन, ठसठशीत सही केली. कागद फ्रिजवर लावलेला आहे. एकच जागा रिकामी आहे. आयपीएल संपली की बघू, म्हणतात.