मला वाजवता येत नाही. पुढे?

आज संध्याकाळी सोसायटीतले दोघं गणपतीची वर्गणी मागायला आले होते. पावती फाडता फाडता त्यातल्या काकांचं लक्ष जेवणाच्या टेबलावरच्या सिंथेसायझरकडे गेलं. "मुलाचं वाटतं?" म्हटलं, नाही, माझं. "अरे वा! मग यंदा आरतीला साथ तुमची." म्हटलं, काका, मला वाजवता येत नाही. त्यावर एकदा यंत्राकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग याचं करता काय?"

वर्गणी दिली, दार लावलं आणि तेव्हापासून धुमसते आहे. कुकर लावायचाय अजून. लावीन सावकाश.

तर 'याचं' म्हणजे कॉर्ग कंपनीचा एमएस-२० मिनी, विजेवर आवाज घडवायचं यंत्र, म्हणजे सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ. मूळ सिंथ १९७८ चा, हा त्याचा २०१३ मध्ये आलेला धाकटा अवतार. ३७ बारक्या पट्ट्या, एका वेळी एकच सूर, आणि उजवीकडे भोकंच भोकं. त्यांत वायरी खुपसून यंत्राच्या कोणत्या भागाने कोणाला हुकूम द्यायचा ते आपण ठरवायचं. बोनसमधून घेतला. घरातल्या कामाचं नुकसान करून घेतलेला नाही, हे सांगायची वेळ माझ्यावर का यावी ते कळत नाही, पण सांगून टाकते. नवऱ्याची सायकल याच्यापेक्षा महाग आहे. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही की मग स्पर्धेत कधी उतरणार.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना सदाशिव पेठेतला आमचा वाडा आठवत असेल. शेजारच्या काकू गायच्या. मला गाण्यात काडीचा रस नव्हता, बंदिश सुरू झाली की मी पळायचे. पण त्याआधी त्या तंबोरा लावत बसायच्या, तेवढा वेळ मी हलायचे नाही. खुंट्या पिळून झाल्या की मणके, आणि मग सगळ्यात शेवटी घोडीवर तारेखालचा तो दोरा. केसभर पुढे, केसभर मागे. तार आधी नुसती टणटण वाजत असायची आणि दोरा एका विशिष्ट जागी आला की आतून काहीतरी उघडायचं. एकदा काकूंनी दोरा माझ्या हातात दिला. "सरकव हळूहळू. आता खरज ऐक. गंधार येतोय का?" खरज म्हणजे खालच्या सा ची तार, आणि गंधाराची, म्हणजे 'ग' ची, तारच नाही तंबोऱ्याला! पण आला. ऐकू आला मला.

आता जरा तांत्रिक लिहिते, कंटाळा आला तर खाली जा. सिंथवर सॉटूथ नावाचा आवाज असतो. ११० हर्ट्झचा सूर धरलात तर त्याच्या पोटात २२०, ३३०, ४४०, ५५० असे सगळे पटीतले सूर चढत्या क्रमाने, पण कमी कमी होत जाणाऱ्या जोराने असतात. फिल्टर त्यातले वरचे कापतो. कुठून कापायचं ते ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ. शेजारचा 'पीक' नावाचा नॉब वाढवलात की जिथे कापलं जातंय तो सूर फुगून वर येतो. आता पीक वाढवून कटऑफ अगदी सावकाश फिरवा. एकेक सूर नाव पुकारल्यासारखा उठून उभा राहतो. पाचवा, ५५० चा, म्हणजे गंधार. तोच. काकूंचा. पहिल्या रात्री हेडफोन लावून हे केलं तेव्हा मी एकटी स्वयंपाकघरात हसत होते.

करते काय, विचारता? हे करते, काका.

आणि हे विचारणार पुणेकर! सवाईच्या मांडवात डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून हजारो लोक बसतात. त्यातल्या किती जणांना धड सा लावता येतो? दाराशी कोणी अडवतं का, की आधी एक तान घेऊन दाखवा, मग आत सोडतो? उलट न गाता नुसतं ऐकणाऱ्याला आपल्याकडे केवढा मान. मात्र तोच माणूस स्वतःच्या हाताने आवाज घडवायला बसला, की लगेच 'एक गाणं होऊन जाऊ दे'. मला गाणं करायचंच नाहीये हो. व्हाइट नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र मिसळलेली खरखर घेऊन, तिला फिल्टर लावून, पत्र्यावरचा पाऊस जवळ आणायचा, लांब न्यायचा, एवढ्यात माझा रविवार जातो आणि मला तो फुकट गेला असं वाटत नाही.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली तऱ्हा नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला दोघेही अशी यंत्रं बनवत होते. त्यातल्या बुक्लाने पियानोच्या पट्ट्या मुद्दाम टाळल्या आणि स्पर्शाच्या पट्टिका बसवल्या, कारण पट्ट्या दिसल्या की माणूस जुनंच वाजवायला लागतो. आरतीची साथ मागतो, असं मी म्हणेन. इंग्लंडचा ब्रायन ईनो, ज्याच्या नावावर कितीतरी रेकॉर्ड आहेत, तो तर स्वतःला 'मी संगीतकार नव्हे' असंच सांगत आला. आणि लांब कशाला, १९६९ मध्ये अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूगचा सिंथ आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो मांडून दिला, गीता साराभाई आणि इतर भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केलं. त्या टेप्स कित्येक वर्षं पडून होत्या, २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. त्यात गुणगुणण्यासारखं फारसं काही नाही. मी ती घरकाम करताना ऐकते.

बरं, मान्य. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बेसची आणि ठेक्याची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग काढले, ते वादक होते म्हणूनच. बोटांत राग असलेल्या माणसाच्या हातात यंत्र जास्त बोलतं. बोलू दे की. मी कुठे अडवलंय?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काका वाईट नाहीत, त्यांनी विचारलं ते कौतुकानेच. मला झोंबलं त्याचं कारण जुनं आहे. तंबोऱ्यापाशी तासन्‌तास बसते म्हटल्यावर आईने मला गाण्याच्या क्लासला घातलं. 'आवडतंय ना, मग शीक.' पहिल्याच परीक्षेत परीक्षकांनी भूप राग गायला सांगितलं. मी गायले, त्यांनी पेटीवर दोनदा सा दाखवला, मी पुन्हा गायले, आणि ते म्हणाले, "हिला कान नाही." कान नाही! भूपातला गंधार माझ्या गळ्यातून निघत नव्हता, पण तंबोऱ्यातून येणारा मला त्या खोलीत सुरुवातीपासून ऐकू येत होता. हे सांगायचं कोणाला, वयाच्या आठव्या वर्षी? घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं, हिला गाण्यातलं कळत नाही. मीही पुढची तीस-एक वर्षं तेच धरून चालले. लग्नात उखाणासुद्धा चालीत घेतला नाही.

काकूंनी मात्र मला कधी 'गाऊन दाखव' म्हटलं नाही. दोरा दिला आणि ऐकायला सांगितलं. असं करणारी दुसरी व्यक्ती मला अजून भेटायची आहे.

शेजाऱ्यांना त्रास होतो का, हे विचारायच्या आधीच सांगते, मी हेडफोन लावते. दहा दिवस चौकात स्पीकरची भिंत उभी राहील तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा, योग्य ठिकाणी.

आणि 'कीबोर्डचा बेसिक कोर्स आहे, लिंक पाठवू का' वाल्यांनो, नका पाठवू, प्रेमाने सांगते. त्यापेक्षा कोणाच्या माळ्यावर जुना तंबोरा पडून असेल तर कळवा. जवारी, म्हणजे घोडीवरून येणारी ती गुंजन, गेलेली असली तरी चालेल, भोपळ्याला तडा असेल तरी चालेल. विकत नकोय, एक दुपार हवाय. या सिंथमध्ये बाहेरचा आवाज आत घेऊन फिल्टरमधून काढता येतो आणि मला खरजाची तार त्यातून काढून बघायचीय. माईक, वायरी, दोरा मी घेऊन येईन. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन कुठेही चालेल. हडपसर असेल तर रविवार बघू.