एकमेव श्रोते

परदेशात गाईड घ्यायचाच असेल, तर तो किमान चाळीस जणांत वाटून घ्यावा, या मतावर मी रोमेनियातील ब्राशोव्ह शहरात आलो आणि अद्याप ठाम आहे. चाळीस जणांच्या गटात श्रवणाची जबाबदारी आपोआप विभागली जाते. पुढच्या रांगेतल्या दोन निवृत्त शिक्षिका मन लावून ऐकतात, एक गृहस्थ वहीत टिपून घेतात, एक जण प्रत्येक इमारतीची उंची विचारतो आणि उरलेल्या छत्तीस जणांना कबुतरांकडे पाहण्याची, बुटाची नाडी पुन्हा बांधण्याची किंवा मागे रेंगाळून आइसक्रीम खाण्याची मुभा असते. खासगी सहलीत ही सगळी खाती आपल्याच गळ्यात पडतात. ऐकायचे आपणच, लक्षात ठेवायचे आपणच आणि उंचीही आपणच विचारायची.

ब्राशोव्ह हे बुखारेस्टच्या उत्तरेला साधारण 170 किलोमीटरवर आहे. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्थानकावरून तिकडे आगगाडी जाते आणि अडीच-तीन तासांत पोहोचवते, ही माहिती मी पत्नीला वेळीच दिली होती. परंतु बुखारेस्टमधल्या आमच्या हॉटेलात ठेवलेल्या खासगी सहलीच्या पत्रकावर ‘केवळ तुमच्यासाठी, तुमच्या गतीने, तुमच्या आवडीनुसार’ असे छापले होते. विवाहित माणसाला या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा योग क्वचितच येत असल्यामुळे आम्ही दोघेही भुललो. दर अर्थातच युरोत होता. परदेशात युरोचे रुपये करू नयेत, असा सल्ला देणाऱ्यांना पगार बहुधा युरोत मिळत असावा. मी ते केले, आणि त्या क्षणापासून दिवसाचा प्रत्येक तास वसूल करण्याचे कर्तव्य माझ्या शिरावर येऊन बसले.

गाईड वाईट असता, तर फारसे बिघडले नसते. वाईट गाईडची तक्रार करता येते आणि पुण्यात परतल्यावर त्याच्या गोष्टी सांगून चार घरचा चहा पिता येतो. हा गृहस्थ उत्तम होता. तो ब्राशोव्हमध्ये वाढलेला, इतिहासाचा पदवीधर, स्वच्छ इंग्रजी बोलणारा आणि अत्यंत अगत्यशील होता, आणि आपल्या शहरावर त्याचे प्रेम इतके निखळ होते की, त्याच्यासमोर जांभई देणे हा अपराध ठरावा. गाडीही तोच चालवणार होता. त्याने दार उघडताच पत्नी मागच्या सीटकडे वळली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही बसा पुढे. तुम्हाला इतिहासाची आवड आहे ना!” लग्नाला इतकी वर्षे झाली, पण माझ्या आवडीनिवडीची एवढी कदर त्यापूर्वी कधी झाली नव्हती. प्लोयेश्त हे तेलविहिरींसाठी प्रसिद्ध असलेले शहर येईपर्यंत तिने शाल पांघरली होती आणि मान खिडकीला टेकली होती.

रोमेनियात स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे आपल्याकडे चालक जिथे बसतो, तिथे मी नुसता बसलो होतो. पायाखाली ब्रेक नसताना तो दाबणे, समोरचा रस्ता पाहणे आणि शेजारच्या माणसाचे ऐकणे ही तीन कामे एकाच वेळी चालू होती. त्यातच मानेचा घोटाळा झाला. आपण एखाद्याचे बोलणे पटत असल्याचे दाखवण्यासाठी मान डावी-उजवीकडे जी हलकीशी डोलावतो, ती त्याला नकारार्थी वाटली. प्लोयेश्तच्या रॉकेलवर 1857 मध्ये बुखारेस्टचे रस्ते उजळले आणि अशी दिवाबत्ती असलेले ते जगातले पहिले शहर ठरले, असे त्याने सांगितले. मी मान डोलावली. त्याला वाटले, मला शंका आहे. त्याने तेच अधिक पुराव्यांनिशी सांगितले. मी अधिक आदराने मान डोलावली. तिसऱ्या खेपेला तो शुद्धीकरण कारखान्याच्या रचनेपर्यंत पोहोचला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले आणि मी मान खाली-वर हलवू लागलो. ती नंतर दिवसभर तशीच हलवत होतो.

संभाषणात आपलाही काही वाटा असावा म्हणून मी म्हणालो, “1857! त्या वर्षी आमच्याकडे मोठा उठाव झाला होता.” त्याने आनंदाने गाडीचा वेग कमी केला आणि कारणे विचारली. काडतुसांपासून सुरुवात करून मी कसाबसा झाशीपर्यंत गेलो. तिथे त्याने, उठाव फसण्यामागे आर्थिक कारणे किती आणि लष्करी किती, असे विचारले. त्यानंतर मी स्वतःहून कोणत्याही सनाचा उच्चार केला नाही.

प्रहोवा नदीच्या खोऱ्यातून रस्ता वर चढू लागतो, दोन्ही बाजूंना कार्पेथियन पर्वत जवळ येतात आणि सिनाया लागते. तिथे राजा पहिल्या कॅरोलचा पेलेश हा राजवाडा आहे. त्याचे उद्घाटन 1883 मध्ये झाले, त्यात दीडशेहून अधिक खोल्या आहेत आणि विजेचे दिवेही त्या काळीच होते. वाडा खरोखर देखणा आहे; पण आम्हाला तो निवांत पाहता आला नाही, कारण गाईड आम्हाला लगबगीने एका दालनाकडे घेऊन गेला. तिथे कोरीव सागवानी आसने होती आणि ती कपूरथळ्याच्या महाराजांनी भेट दिलेली होती. “तुमच्याकडची!” असे म्हणून तो एक पाऊल मागे सरला आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. पुण्यापासून कपूरथळा किती दूर आहे, हे समजावण्यापेक्षा गहिवरणे सोपे होते. पत्नी माझ्यापेक्षा चांगली गहिवरली, कारण तिची झोप झाली होती.

ड्रॅक्युलाचा विषय आम्ही काढायला नको होता, असे म्हणता येणार नाही. कारण तो आम्ही काढलाच नव्हता. गाईडने तो स्वतःच काढला आणि स्वतःच निकालात काढला. ब्राशोव्हपासून तीसेक किलोमीटरवर ब्रानचा किल्ला आहे आणि जगभरचे प्रवासी तो ड्रॅक्युलाचा म्हणून पाहायला येतात. प्रत्यक्षात 1897 मध्ये ती कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरने रोमेनियात कधी पाऊलच ठेवले नव्हते. ज्याच्याशी ड्रॅक्युलाचे नाव जोडले जाते तो व्लाड त्सेपेश, म्हणजे वालाकिया या दक्षिणेकडच्या जुन्या राज्याचा राजा, पंधराव्या शतकात खरोखर होऊन गेला, त्याने ब्राशोव्हच्या व्यापाऱ्यांशी हाडवैर धरले आणि माणसे सुळावर चढवली, हेही खरे. पण ब्रान हे काही त्याचे घर नव्हते. किल्ल्याचा पहिला उल्लेख 1377 मधला आहे, तो ब्राशोव्हच्या जर्मन रहिवाशांनी बांधला आणि 1920 मध्ये शहराने तो रोमेनियाच्या राणी मारीला भेट दिला. एवढे सगळे सांगून गाईडने अत्यंत सौम्यपणे विचारले, “तरीही तुम्हाला तिथे जायचे आहे का?” पत्रकावर ‘तुमच्या आवडीनुसार’ असे छापलेले असले, तरी या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. पत्नीने नंतर चौकातल्या दुकानात सुळेदार दातांचे फ्रिज मॅग्नेट घेतलेच. गाईड तेवढा वेळ एका खिडकीच्या चौकटीकडे पाठमोरा उभा राहून पाहत होता.

ब्राशोव्हमध्ये उतरल्यावर मात्र त्याचे प्रेम अगदी योग्य ठिकाणी जडले आहे, हे पटले. पियात्सा स्फातुलुई हा शहराचा जुना चौक उतरत्या लाल छपरांच्या रंगीत घरांनी वेढलेला आहे, मध्यभागी नगरसभेची जुनी इमारत तिच्या मनोऱ्यासह उभी आहे आणि मागे तंपा नावाचा हिरवा डोंगर थेट घरांच्या पाठीला लागला आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत हंगेरीच्या राजांनी बोलावलेल्या जर्मनांनी हे शहर उभारले, त्यांना सॅक्सन म्हणतात आणि त्यांच्या भाषेत ते क्रोनश्टाट होते. हॅमेलनच्या बासरीवाल्याने पळवलेली मुले जमिनीखालून चालत याच प्रदेशात बाहेर पडली, अशी एक आख्यायिकाही आहे. ती ऐकत असताना चौकात अनेक बाक रिकामे होते. मी त्यांच्यातल्या एकाकडे वारंवार आणि सूचकपणे पाहिले. गाईडने माझ्या नजरेचा माग काढला आणि बाकामागच्या घराचा इतिहास सांगितला.

काळे चर्च हे इथले सर्वांत मोठे वैभव आहे. बांधकाम चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि 1689 च्या आगीत भिंती काळवंडल्या, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आत 1839 मध्ये पूर्ण झालेला, सुमारे चार हजार नळ्यांचा ऑर्गन आहे, आणि लुथरपंथी प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर चक्क तुर्कस्तानातले गालिचे टांगलेले आहेत. व्यापाऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या अर्पण केले होते. बाहेर भिंतीच्या माथ्यावर एका मुलाची मूर्ती खाली वाकून पाहते आहे. भिंत तिरकी चालली आहे, असे त्या मुलाने एका कारागिराला सांगितले, कारागिराने त्याला वरून ढकलून दिले आणि मागाहून पश्चात्ताप होऊन मूर्ती बसवली, अशी दंतकथा आहे. भिंतीची उंची विचारायला मी नुकतेच तोंड उघडले होते. ते मिटले.

तिथून स्ट्राडा स्फोरी, म्हणजे अग्निशामकांना पलीकडच्या रस्त्यावर चटकन जाता यावे म्हणून ठेवलेली गल्ली. ती सुमारे 80 मीटर लांब आहे आणि तिची रुंदी काही ठिकाणी 111 सेंटिमीटर, तर काही ठिकाणी 135 सेंटिमीटर आहे. युरोपातल्या सर्वांत अरुंद रस्त्यांत तिची गणना होते, असे सांगून गाईड थांबला. आश्चर्याने उद्गार काढण्याची ती जागा होती. आम्ही दोघेही पेठेत वाढलो आहोत. आमच्या जुन्या वाड्याच्या बोळात समोरून सायकल आली की, एकाने शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढायचे असा रिवाज होता. या गल्लीत तर जोडपी हात पसरून फोटो काढत होती. तरीही पत्नीने “अगं बाई!” असा उद्गार इतका मनापासून काढला की, गाईडने तो वहीत लिहून घेतला.

जेवणाच्या वेळी आमच्यासमोर पहिला पेच उभा राहिला, तो गाईडने आमच्याच टेबलावर बसायचे की नाही हा. त्याला दुसरीकडे बसवणे बरे दिसत नव्हते आणि जवळ बसवले तर व्याख्यान थांबणार नव्हते. अर्थातच तो जवळ बसला. मला त्याने चोर्बा दे बुर्ता हे आंबट सूप सुचवले आणि त्यात गाईच्या आतड्या-पोटाचा कोणता भाग पडतो, हे माझ्या घशाखाली दोन चमचे गेल्यावर सांगितले. पत्नी शाकाहारी आहे. इथे मात्र त्याने खरी युक्ती काढली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षात बरेच असतात आणि त्यांत मांस, अंडी, दूध यांपैकी काहीच चालत नाही, म्हणून अनेक उपाहारगृहांत उपवासाचे पदार्थ वेगळे मिळतात. तिच्यासाठी घेवड्याचे सूप, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का आणि आंबवलेल्या कोबीच्या पानांत भात-अळिंबी भरून केलेले सारमाले आले आणि त्या संपूर्ण परदेशवारीत ती प्रथमच पोटभर जेवली. मग तिने पापानाश मागवले. हे पनीरसारख्या ताज्या चीजचे तळलेले गोल वडे असतात आणि त्यांच्यावर आंबट साय व जॅम ओततात. एवढा कडक उपवास करणारी बाई शेवटी सायीचा डोंगर मागवते आहे, हे पाहून वेटरने गाईडकडे पाहिले, गाईडने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या धर्मात दुधाचे स्थान काय, हे सांगण्याची वेळ पुन्हा माझ्यावर आली.

दुपारी आम्ही श्केई भागात गेलो. सॅक्सनांच्या राज्यात रोमेनियन लोकांना तटबंदीच्या आत घर घेता येत नसे, म्हणून ते इथे वेशीबाहेर राहत. त्यांची पहिली शाळा इथलीच, आणि रोमेनियन भाषेतले उपलब्ध सर्वांत जुने पत्र 1521 मध्ये आले, तेही ब्राशोव्हच्या नगराध्यक्षालाच; तुर्कांच्या हालचालींची खबर देण्यासाठी एका व्यापाऱ्याने ते धाडले होते. खरे सांगायचे, तर इथे मी ऐकत असल्याचे सोंग सोडून दिले आणि खरोखर ऐकू लागलो. 15 नोव्हेंबर 1987 रोजी इथल्या ट्रक कारखान्याचे कामगार कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूविरुद्ध घोषणा देत शहराच्या मध्यापर्यंत चालत आले होते, राजवट कोसळण्याच्या दोन वर्षे आधी, हे त्याने आवाज न चढवता सांगितले. चांगल्या शिक्षकाचे एकच वाक्य आपल्याला जागे करते, पण ते केव्हा येईल याचा नेम नसल्याने बाकीची तीनशे वाक्येही ऐकावी लागतात.

शेवटी तंपा. 1950 ते 1960 या काळात शहराचे नावच स्टालिनचे शहर असे ठेवले होते आणि या डोंगरावर झाडे लावून स्टालिनचे नाव कोरले होते. आता तिथे शहराचे नाव पांढऱ्या भव्य अक्षरांत उभे आहे. वर रोप-वे जातो, परंतु पायवाटेने गेल्यास वनस्पतीही पाहता येतील, असे गाईडचे म्हणणे पडले. पत्नीने शांतपणे विचारले, “इथे अस्वले असतात का?” असतात, असे तो अभिमानाने म्हणाला, कचऱ्याच्या डब्यांसाठी ती वस्तीतही उतरतात. आम्ही रोप-वेने गेलो. दिवसभरात ‘आमच्या आवडीनुसार’ झालेली ती एकमेव गोष्ट होती आणि तिचे श्रेय अस्वलांना जाते.

परतताना प्रहोवाच्या खोऱ्यात सुट्टी संपवून निघालेले सारे बुखारेस्ट रस्त्यावर होते. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आता वेळच वेळ असल्यामुळे गाईडने राणी मारीचे चरित्र बालपणापासून हाती घेतले. मागून दबक्या आवाजात मराठी ऐकू आली, “टिप किती द्यायची हो? वीस युरो पुरे ना?” मराठीत बोलल्यामुळे गुप्तता राहते, ही आपली समजूत ‘टिप’ आणि ‘युरो’ हे दोन शब्द सोडल्यास बरोबर आहे. गाईड राणीच्या विवाहापाशी क्षणभर अडखळला. मी घाईघाईने, त्याला ऐकू जाईल अशा सुरात, आकडा वाढवला.

हॉटेलपाशी उतरल्यावर त्याने आमचे दोन्ही हात हातात घेतले. इतके एकाग्र श्रोते आपल्याला क्वचित लाभतात, असे तो म्हणाला आणि दोन दिवसांनी सिगिशोआरा दाखवायला नेण्याची तयारी त्याने दर्शवली. ते तटबंदीचे शहर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटेच निघावे लागेल, आणि वाटेत बोलायला भरपूर वेळ मिळेल. मी नम्र नकाराची इंग्रजी जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात पत्नी शालीची घडी घालत ताजीतवानी होऊन पुढे आली आणि म्हणाली, “जाऊ या की! फक्त गाडी हीच असेल ना, तेवढे विचारून घ्या.”