सवलत चालते, मग ओळख का चालत नाही?

आमच्या भागात अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र घरच्यांना चालते, कारण त्यामुळे दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. मात्र ते प्रमाणपत्र ज्या गोष्टीबद्दल आहे, तिचा उच्चार पाहुण्यारावळ्यांत झालेला चालत नाही. मला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) आहे आणि एडीएचडीही (लक्ष आणि चंचलता आवरण्यातील अडचण) आहे. मुलीच्या जातीने असले काही जाहीर लिहू नये, उद्या स्थळ जमताना अडचण येईल, हा सल्ला मला पूर्वीच मिळालेला आहे. तो पुन्हा देण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत.

हे सगळे सवलतीसाठी चालले आहे, असेही म्हटले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, डिस्लेक्सियासह विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र त्या यादीत नाही. म्हणजे माझ्या एकाच डोक्यातील एक गोष्ट कायद्याला दिसते आणि दुसरी दिसत नाही. जी दिसत नाही, जिच्यामुळे कोणताही कोटा मिळत नाही, तीच ओळख मी अधिक ठामपणे स्वीकारली आहे, कारण माझ्या रोजच्या जगण्यात खरा फरक तिनेच पडला.

लातूरला नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांना वेगळे काही सांगायला नको. सकाळी क्लास, दुपारी मेस, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका, आठवड्याला टेस्ट आणि गुणांप्रमाणे ठरणारी बॅच. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. अशा परीक्षेत ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, एक ओळ खाली सरकली, तर पुढची उत्तरे येत असूनही चुकीच्या गोलात जातात. माझ्या बाबतीत हे वारंवार घडत होते, आणि त्याची कारणे तयारच होती: लक्ष नाही, मोबाइल फार, बापाच्या पैशाची किंमत नाही. सोयाबीनचे भाव पडलेल्या वर्षी पीककर्जातून फी भरणाऱ्या घरातील मुलीला यातले शेवटचे कारण किती लागते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. एडीएचडीमध्ये लक्ष नसते असे नाही. ते हवे तेव्हा हव्या त्या ठिकाणी वळवता येत नाही. मुलींमध्ये बऱ्याचदा बाहेरच्या धावपळीपेक्षा आतल्या आत भरकटणे अधिक असते, त्यामुळे शांत बसलेल्या मुलीबद्दल कोणाला शंकाही येत नाही. निदान झाल्यावर मी पानागणिक गोल भरू लागले, धडे ऐकून करू लागले आणि पाठांतर येरझारा घालत करू लागले. या युक्त्या साध्याच आहेत, पण स्वतःला आळशी समजणारे माणूस युक्ती शोधत नाही, ते फक्त शपथा घेते.

एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आमच्या आबांना कोणी तपासले नाही, तेव्हा त्यांच्यावर शिक्का मारण्याचा अधिकार मला नाही. तरी वखराची एक पाळी अर्धी टाकून दुसऱ्या शिवारात निघून जाणारे, दिवसभरात चार कामांना हात घालणारे ते गृहस्थ मला फार ओळखीचे वाटतात. शेतीच्या धबडग्यात त्यांचे निभावले. (शेतीकर्जाच्या सोसायटीचे कागद मात्र आजीच सांभाळत असे, हेही सांगितले पाहिजे.) त्यांना जर अभ्यासिकेत बारा तास एका खुर्चीवर बसवले असते, तर काय झाले असते? मेंदूमेंदूत फरक असणारच आणि अडचण पुष्कळदा भोवतालच्या रचनेतून वाढते, हा विचार १९९० च्या दशकात प्रामुख्याने स्वमग्न व्यक्तींनीच आपसांतील चर्चांतून पुढे आणला. मला तो पटतो, पण पूर्णपणे नाही. रचना कितीही बदलली, तरी गॅसवर ठेवलेले दूध मी विसरणार आहेच. म्हणूनच एडीएचडीला 'सुपरपॉवर' म्हणणाऱ्या रील्सचा मला कंटाळा येतो. रील पाहून कोणाला स्वतःची शंका आली तर ते हसण्यासारखे नाही. मात्र तिथून पुढे तपासणीपर्यंत जायला हवे. चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांमुळेही लक्ष उडते, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात.

तपासणी आमच्याकडे सोपी नाही, हे मान्य. तालुक्याच्या गावी अशी तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ सहसा मिळत नाहीत. संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, आणि एसटीच्या भाड्यापेक्षा बुडालेली मजुरी महाग पडते. ज्यांना हे जमले नाही, त्यांच्या अडचणी काही कमी खऱ्या ठरत नाहीत. तसेच प्रत्येकाने माझ्यासारखे जाहीर बोलावे, असेही माझे म्हणणे नाही. कोणाला सांगायचे आणि कोणापासून राखून ठेवायचे, हे ज्याच्या त्याच्या घरावर आणि पोटापाण्यावर अवलंबून असते. पण तो निर्णय त्या मुलाचा असावा, मामा-काकांच्या बैठकीचा नसावा.

दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत लातूर किंवा संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे जातो. अनेक घरांत त्यावर पालकांची सही होते आणि लेकराला फक्त एवढेच सांगितले जाते, की तुला जादा वेळ मिळणार आहे, वर्गात बोलू नकोस. त्या अहवालात काय लिहिले आहे, ते त्याला शेजारी बसवून वाचून दाखवावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते कळते, आणि न कळलेले विचारता येते.